फझ बिघडला की ट्रान्झिस्टरच का दोषी?

घरी गिटारची इफेक्ट पेडलं जुळवणाऱ्यांमध्ये एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतो आहे. थोडक्यात तो असा: जर्मेनियम ट्रान्झिस्टरांचा फझ (गिटारचा आवाज फाटका, खरखरीत करणारं पेडल) नीट वाजत नसेल तर ट्रान्झिस्टर गेलेला असतो. मल्टीमीटरच्या एचएफई खाचेत (गेन, म्हणजे प्रवाह किती पट वाढतो, ते मोजणाऱ्या) घालून ७० आणि १२० गेनची जोडी निवडा, ट्रिमर (छोटा बदलता रोध) फिरवून दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर (बेस, एमिटर, कलेक्टर या तीन पायांपैकी एकावर) ४.५ व्होल्ट आणा, काम फत्ते. बॅटरी नको असेल तर अडॅप्टरच्या दोन वायरी उलट्या जोडा. आणि एनकेटी२७५ हा नावाजलेला जर्मेनियम ट्रान्झिस्टर मिळत नसेल तर नादच सोडा.

यातलं प्रत्येक वाक्य अर्धं खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्यापायी चांगले ट्रान्झिस्टर कचऱ्यात जातात. सल्ला ज्या सर्किटबद्दल आहे ते म्हणजे १९६६ साली लंडनमध्ये आर्बिटर कंपनीने काढलेलं गोल फझ फेस पेडल. दोन पीएनपी (उणे व्होल्टेजवर चालणारे) ट्रान्झिस्टर, बॅटरीचं धन टोक जमिनीला (सर्किटच्या सामायिक शून्य टोकाला), पहिल्याच्या कलेक्टरवर ३३ किलोओहम, दुसऱ्याच्या कलेक्टरवर ८.२ किलोओहम आणि ४७० ओहम, दुसऱ्याच्या एमिटरला १ किलोओहमचा फझ पॉट (कळीने फिरणारा बदलता रोध) आणि तिथून पहिल्याच्या बेसकडे परत येणारा १०० किलोओहम. सर्किट एवढंच. पुढचे व्होल्ट खरं तर उणे आहेत, ते चिन्ह गाळून लिहितो.

‘नीट वाजत नाही म्हणजे ट्रान्झिस्टर गेला’

आधी पाय तपासा. एसी१२८ या जर्मेनियम ट्रान्झिस्टरवर ज्या बाजूला ठिपका, तो कलेक्टर. गोची अशी की कलेक्टर-एमिटर उलटे लागले तरी ट्रान्झिस्टर गप्प बसत नाही. गेन घसरतो आणि आवाज मरगळतो. मग निष्पाप ट्रान्झिस्टरवर आळ येतो. दुसरा नेहमीचा गुन्हेगार म्हणजे उलटा बसलेला इलेक्ट्रोलिटिक (धन-ऋण टोकं असलेला) कपॅसिटर. पीएनपी सर्किटमध्ये इनपुटच्या २.२ मायक्रोफॅरडचं धन टोक गिटारकडे आणि फझ पॉटवरच्या २० मायक्रोफॅरडचं धन टोक जमिनीकडे हवं. एनपीएनचा (उलट ध्रुवतेच्या ट्रान्झिस्टरांचा) नकाशा समोर ठेवून जोडलं की दोन्ही उलटे बसतात, आणि गळका कपॅसिटर बेसचा व्होल्टेज बिघडवतो.

पेडलच्या आधी बफर (गिटारला पुढच्या सर्किटपासून वेगळं पाडणारा भाग) असलेलं दुसरं पेडल आहे का, तेही बघा. या सर्किटचा इनपुट रोध फारच कमी आहे आणि गिटारच्या पिकअपशी (तारांची कंपनं टिपणाऱ्या भागाशी) त्याची थेट देवाणघेवाण चालते. मध्ये बफर आला की आवाज कर्कश होतो आणि गिटारचा व्हॉल्यूम कमी करून तो साफ करण्याची गंमत संपते. बोर्ड उघडायचीही गरज नसते.

‘मल्टीमीटरवर ७० आणि १२० बघून घ्या’

खरी गडबड इथे आहे. जर्मेनियमला गळती असते, म्हणजे बेसला काहीही न देता कलेक्टरमधून प्रवाह वाहतो. मल्टीमीटर साधारण १० मायक्रोअँपिअर बेसला देतो आणि कलेक्टरमधून जे येईल ते सगळं गेनच्या खाती जमा करतो. गळती २५० मायक्रोअँपिअर असेल तर २५ चा खोटा गेन फुकट मिळाला.

माझ्याकडच्या एका एसी१२८ ला मीटरने ९५ दिले होते. त्याला जुन्या जुळवणाऱ्यांच्या पद्धतीने तपासला: ९ व्होल्ट, कलेक्टरला २.४ किलोओहम आणि ६८ ओहम ओळीने, बेस मोकळा. रोधांवर ०.६२ व्होल्ट, म्हणजे नुसती गळतीच अडीचशे मायक्रोअँपिअर. मग बेसला २.२ मेगओहममधून ४ मायक्रोअँपिअर दिले, आकडा १.३२ वर गेला. फरक ०.७०, त्याला १०० ने गुणा. खरा गेन ७०.

हे मोजताना ट्रान्झिस्टर बोटांत धरायचा नाही. दर दहाएक अंश सेल्सिअसला गळती जवळपास दुप्पट होते. खाचेत घालून दोन-चार मिनिटं त्याच्याकडे ढुंकूनही बघू नका, मग आकडा वाचा. सोल्डर केल्याकेल्या व्होल्टेज मोजणाऱ्यांचं काय होत असेल ते यावरून कळेल.

‘कलेक्टरवर ४.५ व्होल्ट आले की झालं’

या वाक्याने सर्वांत जास्त फसवलंय, कारण आकडा खरोखर येतो.

पहिल्या ट्रान्झिस्टरमधून किती प्रवाह जाणार हे ३३ किलोओहम ठरवतो, साधारण २५० मायक्रोअँपिअर. गेन ८० आणि गळती नगण्य असेल तर बेसला ३ मायक्रोअँपिअर लागतात. १०० किलोओहमवर त्याचे ०.३ व्होल्ट, वर बेस-एमिटरचे ०.१ ते ०.१५. म्हणजे दुसऱ्याच्या एमिटरवर ०.४५ च्या आसपास, आणि पॉट १ किलोओहमचा असल्याने प्रवाहही तितकाच, ०.४५ मिलिअँपिअर. कलेक्टर पाचच्या जवळ बसतो. छान.

आता पहिल्याची गळती १५० मायक्रोअँपिअर धरा. बेसकडून फक्त उरलेल्या शंभराची तजवीज व्हायची आहे. एमिटरचा व्होल्टेज पावपर्यंत घसरतो, दुसऱ्याचा प्रवाह निम्मा होतो आणि कलेक्टर सातच्या जवळ चढतो. सल्ल्यानुसार ८.२ किलोओहमच्या जागचा ट्रिमर फिरवला, १८ किलोओहमला ४.५ आले, समाधान झालं. पण ट्रान्झिस्टर निम्म्या प्रवाहावर चाललाय आणि खोली दहा अंशांनी तापली की गळती ३०० होणार. ती २५० पेक्षा जास्त, त्यामुळे पहिला पूर्ण चालू होऊन अडकतो, दुसरा बंद पडतो, कलेक्टर ९ ला जाऊन चिकटतो. घरी वाजणारं पेडल स्टेजच्या दिव्यांखाली फुसफुसून मरतं, ते हे.

म्हणून कलेक्टरच्या आधी एमिटर मोजा. अर्धा व्होल्टच्या आसपास असेल तर पुढे जा. पाव असेल तर ट्रिमरला हात लावू नका, पहिला ट्रान्झिस्टर बदला. शंका असेल तर प्रोब दुसऱ्याच्या कलेक्टरवर ठेवून पहिल्याला चिमटीत धरा. आकडा सरसर वर चढू लागला की चोर सापडला. (फुसफुसणारा आवाजच आवडतो असे लोक आहेत. त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा.)

‘अडॅप्टरच्या वायरी उलट्या करा’

पेडल एकटं असेल तर चालेल. त्याच अडॅप्टरवर इतर, ऋण जमिनीची पेडलं असतील तर केबलच्या कवचातून अडॅप्टरच शॉर्ट होतो. त्यावर उपाय उणे ९ व्होल्ट तयार करणारी चिप, पण साधी ७६६० वापरू नका. तिची मर्यादा १० व्होल्टच्या आसपास. ७६६०एस घ्या आणि तिचा पाय १ पाय ८ ला जोडा, नाहीतर तिच्या १० किलोहर्ट्झच्या स्विचिंगची शिट्टी ऐकत बसाल.

‘एनकेटी२७५ नाही तर काहीच नाही’

त्याच काळात आर्बिटरच्याच पेडलांत एसी१२८ सुद्धा बसवले जात. सर्किटला नाव वाचता येत नाही. त्याला गेन आणि गळती कळते. जपायचंच असेल तर काचेच्या खोळीतल्या ओसी मालिकेच्या ट्रान्झिस्टरांवरचा काळा रंग जपा. तो खरवडला की आत उजेड जातो, आणि जर्मेनियम उजेडालाही प्रतिसाद देतं. वरच्या दिव्याची गुणगुण स्पीकरमध्ये येते, आणि माणूस ती काढायला सोल्डरगन घेऊन बसतो.

माझ्या ‘मेलेले’ लिहिलेल्या डबीतले सात ट्रान्झिस्टर परवा याच पद्धतीने मोजले. पाच धडधाकट निघाले. सहावा बऱ्यापैकी गळका, पण दुसऱ्या जागेवर तेवढी गळती खपते, म्हणून तिथे बसवला, एमिटरवर ०.४८ आले. सातवा खरंच मेलेला होता.