बाबातुंडे आणि आपले पितर

पितृपक्ष आला की एक मजकूर फिरू लागतो: आफ्रिकेतले लोकही पूर्वजांची पूजा करतात, मेलेला प्रत्येक माणूस तिथे पितर होतो, पुनर्जन्म तर ते मानतातच, म्हणजे तत्त्वज्ञान आपलंच, इथून तिकडे गेलेलं.

गडबड 'पूजा' या शब्दापासूनच. पुढे केनियाचे राष्ट्राध्यक्ष झालेले जोमो केन्याटा यांनी 1938 साली स्वतःच्या गिकुयू समाजाबद्दल लिहिताना बजावलं होतं की देवाची आराधना वेगळी आणि पूर्वजांशी संवाद वेगळा. काँगोतल्या सुकू लोकांत जिवंत वडीलधारे आणि मेलेले वडीलधारे यांना शब्द एकच, 'बाम्बुता'. घरात आजारपण आलं की म्हातारी माणसं थडग्यापाशी जाऊन त्यांना चक्क जाब विचारतात. देवाशी असं कोण बोलतं? (जनाबाईचा विठोबा सोडून द्या.)

मेलेला प्रत्येक जण पूर्वज होतो, हेही खरं नाही. घानाच्या अकान परंपरेत त्यासाठी सहसा भरलं आयुष्य, मुलंबाळं, नेकीची वागणूक आणि चांगलं मरण लागतं. आणि 'आफ्रिकेतले लोक' म्हणजे नेमके कोण? पूर्व आफ्रिकेतले गुराखी मासाई पूर्वी सामान्य माणसाचं प्रेत तरसांसाठी उघड्यावर ठेवत. पूर्वजांचं प्रस्थ त्यांच्यात नव्हतंच.

साम्यच हवं असेल तर एक आहे. केनियाचे धर्म-अभ्यासक जॉन म्बिती ज्यांना 'जिवंत मृत' म्हणतात ते पूर्वज नाव घेणारं कोणी आहे तोवरचे, म्हणजे चार-पाच पिढ्या. पुढे ते अनामिकांत मिसळतात. श्राद्धातही आपण नावं घेतो ती तीन पिढ्यांचीच.

पुनर्जन्माचं मात्र जुळत नाही. नायजेरियातल्या योरुबा घरात आजोबा गेल्यावर जन्मलेला मुलगा 'बाबातुंडे', म्हणजे बाबा परत आले. पण परत आलेले हे आजोबा पूर्वज म्हणून पूर्वजांच्या जगातही असतातच, त्यांना हाकही मारली जाते. यात कर्माचा हिशेब नाही आणि फेऱ्यातून सुटण्याची धडपडही नाही. आपल्याच घरात परतणं ही आनंदाची गोष्ट.

तत्त्वज्ञान म्हणायचं तर त्यात वादही आलाच, आणि तो मजकुरात कुठेच नाही. तत्त्वज्ञ क्वासी विरेडू म्हणत, अकान भाषेत 'आहे' म्हणजे 'वॉ हॉ', शब्दशः 'तिथे आहे'. तेव्हा जागेवाचून असणं नाही, आणि पूर्वजांचं जगही जवळपास आपल्यासारखंच. दुसरे तत्त्वज्ञ क्वामे ग्येके यांना हे अमान्य: तो 'तिथे' फक्त व्याकरणापुरता, आत्मा म्हणजे 'ओक्रा' अमूर्तच. दोघेही घानाचे, दोघेही अकान.