‘बोल्ट आवळा, बेल हाउसिंग आपोआप जुळते’ म्हणे!

आमच्या दारव्हा-दिग्रस पट्ट्यातल्या मिस्त्री मंडळींच्या मोबाईलवर सध्या एक मजकूर फिरतोय. सांगणं थोडक्यात असं: बेल हाउसिंगचं, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या कवचाचं, सेंटर इंजिनच्या सेंटरशी जुळतं का ते तपासणं ही शहरातल्या वर्कशॉपांची नाटकं आहेत. डॉवेल, म्हणजे जागा धरणाऱ्या पिना, आहेतच, बोल्ट आवळले की ती आपोआप जुळते. क्लच प्लेट तिच्या भोकात दांडी घालून सेंटर केली की काम फत्ते. गिअरबॉक्स अडला तर बोल्टनं ओढून घ्या. आणि उन्नीस-बीस राहिलंच तर प्लेटच्या स्प्रिंगा सांभाळून घेतात.

माझ्याकडे शिकणाऱ्या पोरानं हे मोठ्यानं वाचून दाखवलं आणि वर म्हणाला, “मंग आपण काहून घंटा घंटा गेज लावून बसतो जी?”

पहिली गोष्ट निम्मी खरी आहे. कंपनीची जोडी, तोच ब्लॉक, तीच हाउसिंग, दोन्ही डॉवेल जागेवर, अशी गाडी नुसत्या क्लच प्लेटसाठी खोलली तर मीही गेज, म्हणजे ते सरकणं मोजणारं काट्याचं घड्याळ, काढत नाही. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या छोट्या गाड्यांत तर बहुतेक वेळा हाउसिंग आणि गिअरबॉक्सचं कवच एकाच ओतकामातलं असतं. तिथे फेस, म्हणजे जोडाच्या सपाट बाजू, पुसायचे, डॉवेल बघायचे, झालं. पण आपल्या दारात येतात त्या गाड्या कुठे तशा? काळी-पिवळीच्या बोनेटखाली भंगारातलं इंजिन, हाउसिंग तिसऱ्याच जीपची, मध्ये दोन्ही जोडायला गावच्या लेथवर कापलेली अ‍ॅडॉप्टर प्लेट. तिथे कंपनीचा कोणता हिशोब लागू पडणार?

आणि बोल्ट तर कधीच सेंटर करत नाहीत. १० मिलिमीटरच्या बोल्टला साधारणपणे ११ मिलिमीटरचं भोक असतं. म्हणजे बोल्ट घट्ट व्हायच्या आधी हाउसिंग कोणत्याही बाजूला अर्धा मिलिमीटर, लेथवाल्याच्या भाषेत जवळपास २० थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), सरकू शकते. इंजिन हातानं पूर्ण एक फेरा फिरवलं की गेजवर ५ थाऊपर्यंतचा फरक चालतो, असं सर्वसाधारण धरतात. फेऱ्यातला फरक हा सेंटरच्या सरकण्याच्या दुप्पट दिसतो, म्हणजे प्रत्यक्षात सूट अडीच थाऊचीच, जेमतेम एका केसाची जाडी. बोल्ट फक्त दाबून धरतो. जागा दाखवायचं काम त्या दोन डॉवेलांचं, आणि नेमके तेच इंजिन उतरवताना हरवतात.

मागच्या उन्हाळ्यात नेरकडच्या रस्त्यावर चालणारी एक काळी-पिवळी आली. इंजिन दुसरीकडून बदलून आणलेलं. एका हंगामात टॉप शाफ्टचं, म्हणजे गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टचं, बेअरिंग दोनदा गेलेलं, आणि चौथा गिअर चढावर आपोआप सुटायचा. मालक दर वेळी बेअरिंगच्या कंपनीला शिव्या द्यायचा. गिअरबॉक्स उतरवला तर एक डॉवेल जागेवरच नाही. हाउसिंग सोडवली तर फेसवर गोणपाटाचा एक दोरा चेपून बसलेला. इंजिन पोत्यावर उतरवलं असणार. तो नखानं खरवडून काढला, फेस रॉकेलनं धुतला, नवा डॉवेल ठोकला, हाउसिंग परत आवळली आणि गेज लावला.

गेज लावणं अवघड नाही. क्लच काढलेलाच असतो. मॅग्नेटचा पाया फ्लायव्हीलवर, म्हणजे क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य शाफ्टच्या) टोकावरच्या जड चाकावर, आणि गेजचं टोक गिअरबॉक्सची कॉलर जिथे बसते त्या गोल भोकाच्या आतल्या कडेवर. दांडा आखूड ठेवायचा, लांब दांडा वाकतो आणि काटा खोटं बोलतो. डिझेल असेल तर कॉम्प्रेशन जावं म्हणून हीटर प्लग काढायचे, मग पुढच्या पुलीच्या बोल्टला पाना लावून क्रँक हळूहळू फिरवायचा. त्या जीपचा काटा एका फेऱ्यात २२ थाऊ हलला. म्हणजे सेंटर ११ थाऊ बाजूला. दोन्ही डॉवेल असूनही, कारण अ‍ॅडॉप्टर प्लेटची भोकंच चुकलेली.

मग लेथवाल्याकडून आडे डॉवेल करून घेतले. अर्धी पिन एका सेंटरवर, उरलेली अर्धी ११ थाऊ सरकवून. चार जबड्यांच्या चकात धरून केलं त्यानं, टोकाला पेचकसाची खाच पाडून. काटा जिकडे सगळ्यात पुढे जातो तिकडे हाउसिंग न्यायची, आणि दोन्ही पिना एकाच दिशेला फिरवायच्या. नाहीतर हाउसिंग बसणारच नाही. तिसऱ्या खेपेला काटा ४ थाऊवर आला.

दांडीचं म्हणाल तर ती हवीच, पण तिचं काम वेगळं. ती क्लच प्लेटला पायलट बेअरिंगच्या रेषेत आणते, आणि पायलट बेअरिंग असतं क्रँकच्या टोकात. दोन्ही सामानं इंजिनकडचीच. मागून येणारा गिअरबॉक्स कुठे बसणार आहे हे दांडीला कोण सांगणार?

ओढून घेण्यावर मला जास्त बोलवत नाही. अ‍ॅल्युमिनियमचा तुटलेला, बोल्टच्या भोकाचा कान माझ्याकडे खुंटीला टांगलेला आहे, ज्याला बघायचा त्यानं यावं. गिअरबॉक्स अडला की एकतर दाते जुळलेले नसतात, नाहीतर प्लेट सेंटरला नसते. बॉक्स गिअरमध्ये टाकून मागचा फ्लँज थोडा फिरवा. डोकं कापलेले दोन लांब बोल्ट खालच्या भोकांत घालून त्यांवरून सरकवा. शेवटचं सूतभर अंतर हातानं गेलं पाहिजे. बोल्टनं ओढलं तर प्लेटचा मधला हब वाकतो, आणि अर्धवट घुसवून बॉक्स लटकता सोडून चहाला गेलात तरीही वाकतो.

राहिल्या स्प्रिंगा. त्या गोल फिरण्याच्या दिशेतला झटका खातात, क्लच सोडतानाचा. आडव्या सरकण्याशी त्यांचा संबंध नाही. क्लच दाबलेला नसतो तेव्हा प्लेट इंजिनच्या सेंटरवर जखडलेली, आणि तिच्यातून जाणारा शाफ्ट गिअरबॉक्सच्या सेंटरवर. ३००० आरपीएमला सेकंदाला ५० वेळा एकानं दुसऱ्याला वाकवायचं. बेअरिंग जातं, हबच्या रिव्हेटी ढिल्या होतात, आणि टॉप, म्हणजे या जीपचा चौथा, गिअर सुटतो, कारण टॉपला पुढचा आणि मागचा शाफ्ट सरळ एकमेकांत अडकलेले असतात. मालकाला एवढं सगळं सांगितलं तर तो म्हणे, “मले सोळा सीटा बसवतो म्हनून सुटते असं सांगतलं होतं ना भाऊ त्याईनं!”

गेज परवडत नाही, ही तक्रार मात्र मला मान्य आहे. पण लेथवाल्याकडे तो असतोच. संध्याकाळी मागून आणा, सकाळी परत करा. पहिली कितीतरी वर्षं माझाही उसनाच होता.