डबिंगला दोष देण्याआधी...

इटालियन झॉम्बीपटांचं (जिवंत झालेल्या मढ्यांच्या भयपटांचं) डबिंग ‘ढिसाळ’ आहे, असं एका लेखात म्हटलंय. थोडं चुकतंय. तिकडे तेव्हा सिनेमात वापरायचा आवाज सहसा सेटवर रेकॉर्डच करत नसत. प्रत्येक नट आपापल्या भाषेत बोलायचा आणि सगळे आवाज नंतर स्टुडिओत भरले जायचे. त्यामुळे इटालियन ट्रॅकही डबच असतो! दिग्दर्शक लुचो फुल्चीच्या ‘झोंबी २’मध्ये (१९७९) मुख्य नट इंग्रजी बोलत होते, म्हणून तो इंग्रजीतच बघा, ओठ बरेच जुळतात.

याच सिनेमात जानेत्तो दे रोस्सीचा मेकअप बघण्यासारखा आहे. चेहऱ्यावर सुकून तडकलेल्या मातीसारखे थर, डोळ्याच्या खोबणीत वळवळणारे किडे. मढं जमिनीतून उगवलंय यावर विश्वास बसतो. पाण्याखाली झॉम्बीशी झुंजणारा शार्कही खरा आहे. लाकडाची ढलपी डोळ्यात घुसते तो प्रसंग संथ लयीमुळे अंगावर येतो. फुल्ची कट मारायची घाई करत नाही. पण शेवटी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन ब्रिजवर झॉम्बी चालतात आणि खालून गाड्या निवांत धावत असतात. रस्ता बंद करायला पैसे हवेत, ते नव्हते.

दिग्दर्शक ब्रूनो मात्तेईच्या १९८० च्या झॉम्बीपटाचा बचाव मात्र मलाही करवत नाही. न्यू गिनीच्या तयार फुटेजचे तुकडे मध्येच डकवलेत, त्यांचा रंग आणि ग्रेन (फिल्मवरचे बारीक दाणे) बाकी चित्रणाशी जुळत नाही. संगीतही गॉब्लिन या इटालियन रॉक बँडचं, आधीच्या सिनेमांतून उचललेलं.