वटवाघळांचं झाड तोडून निपाह टळत नाही

ठाणे-नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपांवर एक मजकूर पुन्हा पुन्हा येतोय. आवारातल्या वडा-पिंपळावर वटवाघळं असतील तर निपाह हा विषाणू दारात आलाच म्हणून समजा. ती आंधळी असतात, रक्त पितात. कायद्यानेही ती उपद्रवी आहेत. तेव्हा फटाके लावा, धूर करा, पावसाळ्याआधीच्या छाटणीत फांद्याच उडवा. यातला निपाहचा मुद्दा गंभीर आहे, त्यावर सविस्तर बोलायला हवं. बाकीचे चटकन निकालात निघतात.

रक्त पिणाऱ्या वटवाघळांच्या जगात तीनच जाती आहेत आणि त्या मध्य व दक्षिण अमेरिकेत आढळतात. आपल्याकडे तिन्हीसांजेला संथ पंख मारत जाणारं, पंख पसरले की चार फूट भरणारं मोठं वटवाघूळ (टेरोपस) फळं आणि फुलांतला मध खातं. ते आंधळंही नाही. उलट, किडे खाणाऱ्या छोट्या वटवाघळांसारखी स्वतःच्या आवाजाच्या प्रतिध्वनीवरून वाट त्याला काढता येत नाही. त्याची सगळी भिस्त डोळ्यांवर आणि नाकावर.

कायद्याचा मुद्दा एके काळी खरा होता. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पाचव्या अनुसूचीत कावळे, उंदीर यांच्याबरोबर फळखाऊ वटवाघळंही उपद्रवी म्हणून होती. 2022 च्या दुरुस्तीने ती उपद्रवी प्राण्यांची अनुसूचीच काढून टाकली आणि ही दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे. झाड तोडायलाही 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते.

आता निपाह. हा विषाणू टेरोपस वटवाघळांत असतो, हे खरं आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. महाबळेश्वरच्या गुहेतली वटवाघळंही या मजकुरात हमखास येतात. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने 2020 मध्ये तिथे नमुने घेतले होते, त्यांत निपाहच्या खुणा सापडल्या. पण ती गुहेत राहणारी, वेगळ्या जातींची वटवाघळं होती. खरा प्रश्न आहे तो विषाणू माणसात कसा येतो हा. बांगलादेशात मुख्य वाट सापडली ती शिंदीच्या कच्च्या रसाची. रात्री मडक्यात रस ठिबकत असतो, वटवाघूळ तो चाटतं, त्याची लाळ-लघवी रसात पडते आणि सकाळी तोच रस न उकळता प्यायला जातो. केरळमधल्या 2018 च्या साथीत पहिला रुग्ण सोडला तर बाकीच्यांना लागण माणसांकडून झाली, तीही मुख्यतः रुग्णालयांत. झाडाखालून येण्याजाण्याने लागण होत नाही. म्हणून काळजी घ्यायची ती इथे: उघड्या मडक्यातली कच्ची नीरा-ताडी टाळा, चोच-दाताच्या खुणा असलेलं फळ कापूनसुद्धा खाऊ नका, बाकी फळं धुऊन आणि सोलून खा, गच्चीवरच्या टाकीचं झाकण बंद ठेवा.

आणि हाकलल्याने धोका वाढतो. ऑस्ट्रेलियात निपाहच्या जातकुळीतल्या हेंड्रा विषाणूची 1996 ते 2020 अशी 25 वर्षांची माहिती तपासली गेली. जंगल तुटलं, फुलोरा आटला, की मोठ्या वसाहती फुटून वटवाघळं लहान लहान गटांनी शेतांजवळ, वस्त्यांजवळ आली. उपाशी वटवाघळांच्या शरीरातून विषाणू जास्त बाहेर पडला आणि घोड्यांना लागण झाली. ज्या हिवाळ्यात रानात भरपूर फुलं होती, तेव्हा ती झाली नाही. तुमच्या वडावरून उठवलेली वसाहत शेजारच्या दोन-चार आवारांत विखुरते, एवढंच.

छाटणीची वेळ तर सगळ्यात वाईट. मादीला वर्षाला एकच पिल्लू होतं, आणि पिल्लांचे दिवस साधारण फेब्रुवारी ते मे. पहिले काही आठवडे ते आईच्या पोटाला, स्तनाग्र तोंडात धरून लटकलेलं असतं. जड झालं की आई रात्री त्याला फांदीवर ठेवून चरायला जाते. एप्रिल-मेमध्ये फांदी पडली की ही पिल्लं खाली येतात. सावली गेल्यावर मोठीही उन्हाने मरतात. भर दुपारी ती पंखांनी वारा घेताना, अंगाला लाळ फासताना दिसतात ती त्यासाठीच. धोकादायक फांदी असेल तर तेवढीच, पिल्लांचे दिवस टाळून काढावी.

घाणीची तक्रार मात्र रास्त आहे. आवारातल्या उंच अशोकाखाली किंवा देशी बदामाखाली सकाळी पडलेले कोरडे, चपटे गोळे म्हणजे विष्ठा नव्हे, तो चोथा. वटवाघूळ फळ जिभेने टाळूवर दाबतं, रस गिळतं आणि उरलेलं थुंकतं. ताज्या गोळ्यावर टाळूच्या वळ्यांचे ठसे दिसतात. विष्ठा पातळ असते आणि भिंतीवर, गाडीच्या काचेवर उडते. दोन्ही कोरडी झाडू नका. आधी पाणी मारा, हातमोजे आणि मास्क घालून काढा, गाडी चार हात लांब लावा.

चिकू-आंब्याला जाळी लावणार असाल तर बोट आरपार जाणार नाही इतकी बारीक, पांढरी आणि ताणून लावा. ढिल्या मोठ्या जाळीत पंख गुंततात. नायलॉन मांजातही तेच होतं.

खाली पडलेलं किंवा अडकलेलं वटवाघूळ उघड्या हाताने उचलू नका. वर खोका झाका, हवेला भोकं ठेवा आणि वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा. चावलं किंवा ओरखडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी दवाखान्यात जा.