‘आठ दिवसांचं काम पाच आठवडे रखडवलं’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार. एक तारा देऊन आपण लिहिलेला अभिप्राय वाचला. आमच्या प्रयोगशाळेत निर्गुंडीच्या पानांच्या भुकटीची सूजविरोधी चाचणी आठ दिवसांत व्हायला हवी होती, आम्ही पाच आठवडे लावले, पैसे भरपूर घेतले आणि शेवटी ‘निर्गुंडीत काही नाही’ असा अहवाल दिला. कॉलेजात हीच भुकटी एका दुपारी ८० टक्के सूजविरोधी ठरली, असं आपलं म्हणणं आहे. आपल्याला मनस्ताप झाला याबद्दल मनापासून क्षमस्व. दरपत्रक आपण आधी पाहून मान्य केलं होतं, म्हणून पैशांवर बोलत नाही. पण ‘रखडवलं’ हा शब्द लागला.

भुकटी आल्यावर ती ७० टक्के इथेनॉलमध्ये एकास दहा प्रमाणात तीन दिवस भिजत ठेवतो. मग गाळून ४० ते ४५ अंशांवर, कमी दाबाखाली द्रावक उडवतो आणि वजन स्थिर होईपर्यंत अर्क सुकवतो. घाईने गॅसवर आटवला तर नाजूक घटक जातात, आणि इथेनॉल शिल्लक राहिलं तर पेशी त्यानेच मरतात. त्याच काळात द्रव नायट्रोजनमधल्या रॉ २६४.७ पेशी बाहेर काढतो. या उंदराच्या मॅक्रोफेज, म्हणजे सुजेत भाग घेणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी. वितळवल्या दिवशी त्या कामाच्या नसतात, दोन-तीन वेळा नव्या बाटलीत वाढवाव्या लागतात. एवढ्यातच दहा दिवस जातात, आणि ते कोणाच्याही सांगण्यावरून कमी होत नाहीत.

पुढे एमटीटी: हा पिवळा रंग जिवंत पेशी जांभळा करतात, त्यावरून किती पेशी जिवंत आहेत ते कळतं. अर्काच्या कोणत्या मात्रेपर्यंत पेशी जिवंत राहतात, हे आधी कळल्याशिवाय सूज मोजण्यात अर्थ नाही. एक फेरी तीन दिवसांची: पहिल्या दिवशी पेशी पेरायच्या, दुसऱ्या दिवशी अर्क द्यायचा, तिसऱ्या दिवशी वाचन. पॉलिफेनॉल (वनस्पतींमधली एक प्रकारची रसायनं) भरपूर असलेला अर्क एमटीटीला पेशींशिवायच जांभळा करतो, म्हणून प्लेटमध्ये पेशी नसलेल्या खाचाही ठेवाव्या लागतात. नाहीतर मेलेल्या पेशी जिवंत दिसतात.

मुख्य चाचणीत एलपीएस (जिवाणूंच्या आवरणातलं, सूज चेतवणारं द्रव्य), मिलीलिटरला १ मायक्रोग्रॅम, देऊन पेशींना चेतवतो. चेतलेल्या पेशी नायट्रिक ऑक्साइड बनवतात आणि त्याचं नायट्राइट होतं; २४ तासांनी वरच्या द्रवातलं ते नायट्राइट ग्रीस रीएजंट या रंग आणणाऱ्या रसायनाने ५४० नॅनोमीटरला मोजतो. सोबत तुलनेसाठी डेक्सामेथासोन हे सूज उतरवणारं औषध, नुसतं डीएमएसओ (अर्क विरघळवायचं द्रावक), आणि अर्काचा स्वतःचा रंग वजा करायला कोरा नमुना. हे सगळं वेगवेगळ्या दिवशी वाढवलेल्या पेशींवर तीनदा. एकाच प्लेटमधल्या तीन खाचा म्हणजे तीन प्रयोग नव्हेत.

आपल्या नमुन्यात याहून एक आठवडा जास्त गेला, त्याचं कारण आपल्याला तेव्हाच फोनवर सांगितलं होतं. एलपीएस न घालता नुसता अर्क दिला तरी पेशी नायट्रिक ऑक्साइड बनवायला लागल्या. भुकटी दमट होती. दमट पानांवर जिवाणू वाढतात, त्यांचं एंडोटॉक्सिन, म्हणजे एलपीएसच, अर्कात उतरतं आणि तेच पेशींना चेतवतं. एंडोटॉक्सिन निकामी करणारं पॉलिमिक्सिन बी घालून खात्री केल्याशिवाय पुढे जाणं योग्य नव्हतं. तशीच चाचणी उरकली असती तर आपलीच निर्गुंडी सूज वाढवते असं दिसलं असतं. सावलीत कडकडीत वाळवलेली पानं आणि फुलांसकट एक डहाळी पाठवा, असं आम्ही लेखी कळवलं होतं. डहाळी असती तर इथल्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या केंद्रातून वनस्पतीची ओळखही पक्की करून घेता आली असती. भुकटीवरून तशी ओळख पटत नाही.

कॉलेजातली चाचणी अंड्याच्या अल्ब्युमिनची. अर्कासोबत हे प्रथिन ७० अंशांवर तापवून ६६० नॅनोमीटरला गढूळपणा मोजतात; तो कमी आला तर अर्क सूजविरोधी, असं धरतात. तासा-दोन तासांत होते, शिकवायला चांगली आहे. पण तिच्यात पेशी नाही, त्यामुळे सूज कमी होते का हे तिला विचारताच येत नाही. वनस्पतींमधलं टॅनिन हे तुरट द्रव्यही प्रथिनाला धरून गढूळपणा वाढवतं, आणि प्रचलित सूत्रांपैकी एकात वाढलेला गढूळपणासुद्धा ‘रोध’ म्हणून टक्क्यात जमा होतो. ते ८० टक्के कोणत्या सूत्राने काढले, एवढं जरूर विचारून घ्या.

‘निर्गुंडीत काही नाही’ असं आम्ही कुठेही लिहिलेलं नाही. अहवालातले आकडे आपले आहेत, ते इथे देणार नाही. आपणच विषय जाहीर केलात म्हणून एवढंच: ज्या मात्रेला नायट्रिक ऑक्साइड उतरला, त्याच मात्रेला पेशीही मरत होत्या, आणि मेलेली पेशी नायट्रिक ऑक्साइड बनवत नाही. हे वाक्य काढून टाका असा आपला आग्रह होता. ते काढलं असतं तर कदाचित पाच तारे मिळाले असते, पण आमच्या सहीचा अहवाल पुढे कोणीही प्रमाण मानला नसता. लहान प्रयोगशाळा आहे, सहीवरच चालते.

वेळापत्रक आधीच लेखी देण्याबाबत आणि फोनच्या व्यवस्थेबाबत सुधारणा करत आहोत. आपला उरलेला अर्क उणे २० अंशांवर जपून ठेवला आहे. नीट वाळवलेली पानं डहाळीसह आणलीत तर कमी मात्रांवर नवी फेरी घेऊ. एमटीटीचा खर्च लावणार नाही. मात्र पानांऐवजी निर्गुंडीच्या तेलाची बाटली आणू नका, तेल पेशींच्या माध्यमात मिसळत नाही.

— संचालक