मेलमधलं ते आगाऊ उद्गारचिन्ह

कोल्हापुरात महाद्वार रोडवरच्या एका चप्पलवाल्या काकांची वेबसाइट मी सांभाळतो. दिवाळीच्या तोंडावर त्यांचा फोन. "काय रं भावा, ह्ये मधीच उद्गारवाचक कुणी घातलंय? गिऱ्हाईक इचारतंय, चप्पल पाठवतायसा का दम देतायसा!"

ऑर्डर पक्की झाल्यावर वेबसाइटवरून जाणारा मेल. 'कापशी' या चपलेच्या नावातल्या 'शी'च्या जागी चौकटीतली प्रश्नचिन्हं, किमतीच्या मधोमध '!', आणि एका गिऱ्हाइकाच्या मेलमध्ये तर एकूण रकमेचा रकाना सरकून थेट चपलेच्या नावाखाली आलेला.

मी काय केलं? जे सगळे करतात तेच. मेलचा साचा उघडला, सीएसएस (दिसण्याचे नियम) उसवलं, टेबलच्या रुंद्या बदलल्या. साच्यात एकच उद्गारचिन्ह होतं, 'धन्यवाद!' मधलं. तेही काढलं. दोन दिवस गेले. माझ्या टेस्ट ऑर्डरचा मेल मात्र दरवेळी चकाचक!

तिसऱ्या दिवशी, जे पहिल्या पाच मिनिटांत करायचं ते केलं. गिऱ्हाइकाला गेलेला मेल काकांच्या जीमेललाही येतो, तो उघडला, तीन टिंबं दाबली, 'शो ओरिजिनल', म्हणजे सजावटीआधीचा कच्चा मेल. आणि दिसलं, की माझा लूप (वस्तूंची यादी बनवणारा कोड) ऑर्डरमधल्या सगळ्या वस्तू एकाच ओळीत चिकटवत होता. मेलच्या नियमात एका ओळीला 998 बाइटची मर्यादा आहे (साध्या इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो). ओळ त्याच्या पुढे गेली की काही मेल सर्व्हर ती सरळ तोडतात आणि तोडल्या जागी '!' ठेवतात. मग ती जागा टॅगच्या (मांडणीच्या खुणेच्या) मध्ये येवो की किमतीच्या. देवनागरीचं तर आणखी वाईट. यूटीएफ-8 मध्ये (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) आपल्या एका वर्णाला तीन बाइट लागतात, काना-मात्रेला वेगळे तीन. घाव नेमका त्या तिनांच्या मध्ये बसला की अक्षराचा चुराडा. माझी टेस्ट ऑर्डर एका जोडाची आणि नाव इंग्रजीत, 'टेस्ट'. ती ओळ मर्यादेत बसायची. खरं गिऱ्हाईक घरच्या चौघांसाठी घेतं.

उपाय तीन ओळींचा. मजकूर बेस64 करून (म्हणजे साध्या इंग्रजी अक्षर-अंकांत बदलून) 76-76 अक्षरांच्या ओळींत तोडायचा आणि हेडरमध्ये (मेलच्या माथ्यावरच्या माहितीत) तसं सांगायचं. मेलचा आकार एक तृतीयांशाने वाढतो, वाढू दे. (पीएचपीमेलरसारखी तयार कोडची लायब्ररी वापरली असती तर तिनं हे सांभाळलं असतं. पण आम्हाला हातानं लिहायची खाज.)

म्हणून माझं ठाम मत, मेल बिघडला की डिझायनरला बोलवू नका, आधी कच्चा मेल वाचा. नुसते टॅग दिसतायत? मजकूर कुठल्या प्रकारचा ते सांगणारा कंटेंट-टाइप हेडर बघा, बहुतेक वेळा एखादी रिकामी ओळ जास्तीची पडून तो मजकुरात घुसलेला असतो. टेबलच्या वर हातभर मोकळी जागा? कुणीतरी एचटीएमएलवर एनएल2बीआर (प्रत्येक नव्या ओळीला ब्रेकचा टॅग लावणारं फंक्शन) फिरवलंय. चित्रं गायब? चित्राचा वेबपत्ता पूर्ण दिलाय का बघा. आउटलुकचं दुखणं तेवढं खरंच डिझाइनचं. विंडोजवरचं जुनं आउटलुक 2007 पासून मेल वर्डच्या इंजिनानं दाखवतं, तिथे फ्लेक्सबॉक्स (सीएसएसमधली मांडणीची पद्धत) चालत नाही, गुमान टेबल वापरायची.

मेल दुरुस्त झाल्यावर काकांना पाठवला. चष्मा कपाळावर सरकवून मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन वाचला त्यांनी.

"ब्येस झालंय. पर धन्यवादाफुडचं चिन्ह का काढलंस? त्ये घाल की परत."