'अंडरग्राउंड'वर आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

काल रात्री तुमची प्रतिक्रिया वाचली आणि खरं सांगतो, झोप लागली नाही. ब्रिटिश दिग्दर्शक अँथनी अ‍ॅस्क्विथचा 1928 चा मूकपट 'अंडरग्राउंड' मला का आवडतो ते मी लिहिलं, तर तुमचं म्हणणं "पंतप्रधानाच्या पोराने कामगारांवर सिनेमा काढायचा आणि तुमच्यासारख्यांनी माना डोलवायच्या".

आधी चूक कबूल करतो. क्लायमॅक्समधलं पॉवर हाऊस मी बॅटरसीचं लिहिलं होतं, ते चेल्सीतलं लॉट्स रोडचं आहे, तेव्हा लंडनच्या भुयारी रेल्वेला वीज पुरवणारं. बॅटरसीचं तर बांधकामच 1929 ला सुरू झालं. दुरुस्त केलंय. पण हेच नीट शब्दांत सांगता आलं असतं, मास्तरने छडी उगारावी तसं कशाला?

आता "तुमच्यासारख्यांनी" म्हणजे कोणी हो? ओळखता मला? माझे वडील ठाकुर्लीच्या पॉवर हाऊसमध्ये होते, शाळेत असताना मी त्यांचा डबा गेटपर्यंत न्यायचो आणि आतली घरघर चपलेतून पायाला लागायची. या पिक्चरला आवाज नाही तरी लॉट्स रोडचा सीन आला आणि मला ती घरघर पायाला जाणवली, मी उठून पाणी प्यायलो आणि मग पुढचा पिक्चर बघितला. हे काय माना डोलवणं झालं?

अँथनीचा बाप 1908 ते 1916 ब्रिटनचा पंतप्रधान होता हे खरंच आहे, ते कोण नाकारतंय. पण पोराने काय दाखवलं ते बघा ना. बिल स्टेशनवर पोर्टर, नेल दुकानात काउंटरवर, बर्ट पॉवर हाऊसमध्ये इलेक्ट्रिशियन, केट शिवणकाम करणारी. यातलं कोणी साहेबाच्या मागे ट्रे घेऊन उभं नाही, अख्खी गोष्टच त्यांची आहे, प्रेम त्यांचं, मत्सर त्यांचा, सुट्टीच्या दिवशी उघड्या बसच्या टपावर बसून फिरायला जाणंही त्यांचंच. आणि केट! बर्ट तिला बिलवर खोटा आळ घ्यायला लावतो आणि काम झाल्यावर झिडकारतो, ते बघून तुम्हाला काहीच वाटलं नाही? असा बर्ट प्रत्येक चाळीत असतो, आमच्याही होता.

बाकी शेवटची मारामारी फिल्मी आहे, म्युझिक नंतरचं आहे वगैरे, असेल. त्यावर मी वाद घालणार नाही.

माझ्या वडिलांचं तुम्हाला माहीत नव्हतं हे मान्य. पण मग आधी विचारायचं होतं.